नेटवर्कवरची फाइल बंद होत नाही, तेव्हा आधी कुठे पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या जिनिंगमध्ये धर्मकाट्याच्या खोलीत लिनक्सवर चालणारा एक संगणक आहे. कापसाची गाडी भरलेली काट्यावर चढली की एक फोटो, आणि रिकामी होऊन परत चढली की दुसरा फोटो, असे दोन फोटो सी भाषेत लिहिलेला तुमचा प्रोग्राम कार्यालयातल्या सर्व्हरवर लिहितो. सर्व्हरचे फोल्डर एनएफएसच्या (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली वापरण्याच्या पद्धतीच्या) ४.१ आवृत्तीने माउंट केलेले, म्हणजे काट्याच्या संगणकाला जोडलेले आहे. हंगामात रोज साधारण पावणेदोनशे गाड्या येतात. प्रोग्राम सुरू केल्यापासून सहाव्या दिवशी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश देऊन तो थांबतो. रात्री जुने फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवणारी स्क्रिप्ट चालून गेली की सकाळी फोल्डरमध्ये ‘डॉट एनएफएस’ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांच्या फाइली दिसतात, अनमाउंट करायला, म्हणजे ती जोडणी काढायला, गेले की ‘बिझी’ असे उत्तर येते, आणि अधूनमधून एखादा फोटो शून्य बाइटचा निघतो. यावरून एनएफएसचा क्लायंटच (काट्याच्या संगणकावरची एनएफएसची बाजू) फाइली बंद करत नाही असा निष्कर्ष तुम्ही काढला आहे आणि कर्नेल, म्हणजे हा क्लायंट ज्यात असतो तो लिनक्सचा गाभा, बदलण्याच्या विचारात आहात.

कर्नेल इतक्यात बदलू नका. ‘फाइल बंद होत नाही’ हे एक वाक्य चार निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरले जाते. प्रोग्रामने क्लोज ही हाक (फाइल बंद करण्याची कर्नेलकडे केलेली मागणी) मारलीच नाही, ही पहिली. प्रोग्रामने हाक मारली, पण त्याच उघड्या फाइलला आणखी कोणीतरी धरून ठेवले असल्यामुळे कर्नेलच्या लेखी ती उघडीच राहिली, ही दुसरी. कर्नेलने सोडली, पण सर्व्हरपर्यंत तो निरोप पोहोचला नाही किंवा सर्व्हरने तो मानला नाही, ही तिसरी. आणि क्लोज झाले, पण त्याने परत दिलेली चूक कोणी वाचलीच नाही, ही चौथी. तुमच्या वर्णनात मला पहिली आणि चौथी स्पष्ट दिसतात. तिसरी, म्हणजे ज्याच्यावर तुमचा संशय आहे ती, मी आजवर फार थोड्या वेळा खरी ठरलेली पाहिली आहे. (पुढे कमांडांची आणि फोल्डरांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टंकताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकावीत.)

सुरुवात तुमच्याच आकड्यांपासून करू. लिनक्सवर एका प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या डिस्क्रिप्टरांची, म्हणजे उघड्या फाइलींना कर्नेल देतो त्या आकड्यांची, सौम्य (वाढवता येणारी) मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. रोज पावणेदोनशे गाड्या धरल्या तर पाच दिवसांत ८७५ होतात आणि सहाव्या दिवशी दुपारनंतर हजाराचा आकडा ओलांडला जातो. प्रोग्राम नेमका तेव्हाच थांबतो. याचा अर्थ दर गाडीमागे एक डिस्क्रिप्टर उघडा राहत आहे, दोन नव्हे. प्रत्येक फोटो उघडाच राहत असता तर तिसऱ्याच दिवशी गाडे अडले असते. क्लायंटमध्येच दोष असता, तर भरलेल्या गाडीचा फोटो आणि रिकाम्या गाडीचा फोटो यांत त्याने भेदभाव केला नसता. भेद करतो तो प्रोग्राम. माझा अंदाज असा आहे की रिकामे वजन घेताना तुमचा प्रोग्राम आधीचा भरलेल्या गाडीचा फोटो पावतीवर छापण्यासाठी वाचायला उघडतो, आणि त्या वाटेवर कुठेतरी क्लोज राहून गेले आहे.

हा अंदाज पडताळायला पाच मिनिटे पुरतात आणि प्रोग्राम थांबवावाही लागत नाही. प्रोसेसचा क्रमांक काढा आणि प्रॉक फोल्डरातल्या (चालू प्रोसेसांची माहिती कर्नेल तिथे दाखवतो) त्या क्रमांकाच्या फोल्डरात ‘एफडी’ नावाचे उपफोल्डर आहे त्याची सविस्तर यादी करा. प्रत्येक उघड्या डिस्क्रिप्टरसाठी तिथे एक दुवा असतो आणि तो कोणत्या फाइलकडे जातो हे समोर लिहिलेले असते. याच यादीत डावीकडे परवानग्यांची जी अक्षरे असतात त्यांत ‘आर’ असेल तर फाइल वाचण्यासाठी उघडली आहे, ‘डब्ल्यू’ असेल तर लिहिण्यासाठी. हे पुष्कळांना ठाऊक नसते. इतर फाइलींच्या बाबतीत ही अक्षरे म्हणजे नुसती परवानगी; इथे मात्र ती फाइल कशासाठी उघडली याची साक्ष देतात. तुमच्या यादीत भरलेल्या गाड्यांचे शेकडो फोटो ‘आर’ अक्षरासह दिसले, तर क्लायंट निर्दोष आहे आणि शोध पावती छापणाऱ्या फंक्शनमध्ये घ्यायचा आहे. तिथेही सरळ वाट सहसा ठीक असते. प्रिंटरमध्ये कागद नाही, फोटोची रुंदी अपेक्षेपेक्षा वेगळी आहे, अशा कारणांनी फंक्शन मध्येच परत फिरते त्या आडवाटा तपासा. मात्र दर गाडीमागे अगदी एक असा हिशोब येत असेल, तर ती आडवाट नसून रोजचीच वाट आहे.

एलएसओएफ ही कमांड हेच काम अधिक सोयीने करते, परंतु सर्व्हर बंद पडला असेल तर एनएफएसवरच्या फाइलींची माहिती विचारताना ती स्वतःच अडकून बसते. प्रॉकमधली नुसती दुव्यांची यादी तशी अडकत नाही, म्हणून मी आधी तिकडे पाहतो. फंक्शन हाती लागत नसेल तर एसट्रेस (प्रोग्रामच्या हाका टिपणारी कमांड) लावून दोन-चार गाड्यांपुरते ओपनअ‍ॅट, डुप आणि क्लोज या हाकांचे (अनुक्रमे उघडणे, डिस्क्रिप्टरची नक्कल करणे आणि बंद करणे) टिपण घ्या. ‘एफ’ हा पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर प्रोग्रामने सुरू केलेल्या उपप्रोसेस टिपणातून सुटतात. ओपनअ‍ॅटने परत दिलेला आकडा पुढे कोणत्याच क्लोजमध्ये येत नसेल, तर तोच तुमचा गुन्हेगार.

आता त्या ‘डॉट एनएफएस’ फाइलींविषयी. पुष्कळ लोक त्यांना कचरा समजतात. तो कचरा नव्हे. युनिक्सची जुनी रीत अशी की उघडी असलेली फाइल कोणी पुसली, तरी तिचे फक्त नाव जाते. ज्याने ती उघडली आहे त्याला ती शेवटपर्यंत वाचता येते. एनएफएस १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने बनवले तेव्हा सर्व्हरने कोणाची कोणती फाइल उघडी आहे हे लक्षात ठेवायचेच नाही, असे ठरवून बनवले होते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या आणि १९९५ सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमपत्रात ओपन आणि क्लोज या क्रियाच नाहीत. (सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर क्लायंटने आपली मागणी नुसती परत करायची, बाकी काही जुळवत बसायचे नाही. आपल्याकडे दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावांत ही साधी रचना किती उपकारक ठरते, हे मी अनुभवले आहे.) मग उघड्या फाइलचे नाव पुसण्याची वेळ आली तर क्लायंट काय करतो? तो ती पुसत नाही, तिला हे लपलेले नाव देतो, आणि शेवटचा धरणारा सुटला की स्वतःच ती पुसून टाकतो. म्हणून सकाळी दिसणारी अशी प्रत्येक फाइल सांगत असते की याच यंत्रावर, या क्षणी, ही फाइल कोणीतरी उघडी ठेवली आहे. तीतली एक फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहा. आत कापसाची भरलेली गाडी दिसेल. दुसऱ्या डिस्कवर हलवणे म्हणजे नक्कल करून मूळ पुसणे, त्यामुळे तुमची स्क्रिप्ट हे घडवून आणते; त्याच फोल्डरव्यवस्थेत नुसते नाव बदलले असते तर अशा फाइली निर्माण झाल्या नसत्या.

या फाइली हाताने पुसायला गेलात तर त्याच यंत्रावर ‘बिझी’ असे उत्तर मिळेल. सर्व्हरवर जाऊन पुसल्यात तर त्या जातील, पण ज्या प्रोसेसने त्या धरल्या आहेत तिला पुढच्या वेळी ‘स्टेल फाइल हँडल’ (धरलेली फाइल आता उरली नाही) ही चूक मिळू शकते. ज्या क्लायंटने फाइल उघडली त्याच्याच हातून ती पुसली गेली तर लपलेले नाव मिळते. दुसऱ्या यंत्रावरून किंवा सर्व्हरवरून पुसली तर मिळत नाही. तुमची स्क्रिप्ट काट्याच्याच संगणकावर चालते म्हणून तुम्हाला निदान ही खूण तरी मिळाली. कार्यालयातून चालत असती तर फक्त न समजणाऱ्या चुका हाती आल्या असत्या. यात एक अपवाद आहे. काट्याच्या संगणकाची वीज अचानक गेली तर पुसायला क्लायंटच उरत नाही, आणि त्या फाइली सर्व्हरवर बेवारस पडून राहतात. सध्याच्या प्रोसेसच्या सुरुवातीपेक्षा जुन्या तारखेला लपलेले नाव मिळालेल्या फाइली असतील, आणि कोणत्याही क्लायंटवर त्या उघड्या नसतील, तर त्या खुशाल काढाव्यात.

दुसऱ्या तक्रारीचे, म्हणजे दुसऱ्याच कोणी धरून ठेवण्याचे, दोन प्रकार नेहमी भेटतात. फोटोचा आकार कमी करण्यासाठी तुमचा प्रोग्राम वेगळी उपप्रोसेस सुरू करत असेल, तर ती जन्मतःच आईचे सगळे उघडे डिस्क्रिप्टर घेऊन येते. जिनिंगच्या फाटकावर एका गाडीसाठी दोघांना बिल्ला दिला आणि एकानेच परत केला, तर वहीत गाडी आतच दिसते, तसे हे आहे. फाइल उघडतानाच ‘ओ क्लोएक्झेक’ हा झेंडा लावला की नवा प्रोग्राम सुरू होताच तो डिस्क्रिप्टर आपोआप गळतो; लिनक्समध्ये ही सोय २००७ सालच्या २.६.२३ कर्नेलपासून आहे, तेव्हा न वापरण्याला कारण नाही. दुसरा प्रकार मेमरी मॅपिंगचा, म्हणजे फाइल थेट प्रोग्रामच्या मेमरीत जोडून वापरण्याचा. फाइल एममॅप करून डिस्क्रिप्टर बंद केला, तरी मॅपिंग काढेपर्यंत कर्नेल फाइल सोडत नाही, आणि एफडीच्या यादीत ती दिसतही नाही. त्यासाठी प्रॉकमधली ‘मॅप्स’ ही यादी पाहावी लागते. एफडी स्वच्छ असूनही अनमाउंट ‘बिझी’ म्हणत असेल, तर पहिला संशय याच्यावर घ्या, आणि त्यानंतर त्या फोल्डरात उभ्या असलेल्या एखाद्या विसरलेल्या टर्मिनलवर.

आता शून्य बाइटचे फोटो. यांचा सहाव्या दिवसाच्या अडचणीशी संबंध असेलच असे नाही. एनएफएसवर राइटची हाक यशस्वी झाली याचा अर्थ मजकूर तुमच्याच यंत्राच्या मेमरीत पोहोचला, इतकाच असतो. सर्व्हरकडे तो पाठवण्याचे काम क्लायंट सवडीने करतो, आणि उरलेले सगळे क्लोजच्या वेळी पाठवून उत्तराची वाट पाहतो. एका यंत्राने बंद केलेली फाइल दुसऱ्याने नंतर उघडली तर त्याला पूर्ण मजकूर दिसावा, हे वचन एनएफएस या मार्गाने पाळते. साहजिकच सर्व्हरची डिस्क भरली आहे, कोटा संपला आहे, डिस्कवर लिहिताना चूक झाली आहे, या बातम्या बहुधा क्लोजच्याच उत्तरात येतात. घरच्या डिस्कवर काम करून सवय झालेले आपण क्लोजचे उत्तर वाचत नाही. मीही कित्येक वर्षे वाचत नव्हतो. तुमचा प्रोग्राम राइटनंतर लगेच ‘फोटो जतन झाला’ अशी नोंद करत असेल, तर ती नोंद खोटी आहे.

यावर उपाय असा करावा. फोटो आधी तात्पुरत्या नावाने लिहावा, मग एफसिंक (मजकूर डिस्कपर्यंत पोहोचवायला लावणारी हाक) करून त्याचे उत्तर तपासावे, मग क्लोज करून त्याचेही उत्तर तपासावे, आणि दोन्ही ठीक असतील तरच त्याच फोल्डरात नाव बदलून खरे नाव द्यावे. मधेच वीज गेली तरी खऱ्या नावाखाली अर्धवट फोटो कधी राहणार नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. क्लोजने चूक परत दिली म्हणून त्याच आकड्यावर पुन्हा क्लोज करू नये. लिनक्सवर चूक आली तरी डिस्क्रिप्टर तोवर सुटलेला असतो, आणि प्रोग्रामात एकाहून अधिक थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) असतील तर तोच आकडा तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो. तुम्ही दुसऱ्यांदा क्लोज केलेत की कॅमेऱ्याची किंवा वजनयंत्राच्या पोर्टची जोडणी तुटेल, आणि मग वेगळाच शोध सुरू होईल. कार्यालयातले दिवाणजी फोटो काढल्याच्या क्षणी यादी उघडून ‘शून्य आहे’ म्हणत असतील, तर तो दोषही नसेल. दुसऱ्या क्लायंटवर फाइलीचा आकार काही सेकंद, प्रसंगी मिनिटभर, जुनाच दिसू शकतो.

सर्व्हर बंद असताना क्लोज परतच येत नाही, यालाही लोक ‘बंद होत नाही’ म्हणतात. हार्ड माउंटमध्ये, म्हणजे सर्व्हर येईपर्यंत क्लायंट प्रयत्न करत राहतो अशा माउंटमध्ये, ते अपेक्षित वर्तन आहे. प्रोसेस ‘डी’ (वाट पाहत अडकलेल्या) अवस्थेत दिसते आणि सर्व्हर आला की पुढे सरकते. तिला टाळण्यासाठी सॉफ्ट माउंट करावा असा सल्ला सर्रास दिला जातो. जिथे लिहायचे आहे तिथे तो मानू नका, कारण मग क्लायंट ठरावीक प्रयत्नांनंतर लिहिणे सोडून देतो, आणि क्लोजचे उत्तर न वाचणाऱ्या प्रोग्रामला ते कळतही नाही. जाता जाता, ‘टाइमओ’ (उत्तराची किती वाट पाहायची) या माउंटच्या पर्यायाचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. ६०० म्हणजे साठ सेकंद. पाच सेकंद समजून ५ लिहिलेले मी दोन ठिकाणी पाहिले आहे.

आता उरली तिसरी तक्रार. एफडी आणि मॅप्स दोन्ही स्वच्छ असतील तरच इकडे वळा. चौथ्या आवृत्तीत ओपन आणि क्लोज खरोखर तारेवरून, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरकडे, जातात, आणि प्रॉकमधल्या माउंटस्टॅट्स या फाइलीत त्यांची मोजदाद असते. तिथे ओपनचा आकडा क्लोजपेक्षा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. अस्तित्वात नसलेली फाइल उघडण्याचा फसलेला प्रयत्नही ओपनमध्ये मोजला जातो, आणि एकच फाइल एकाच वापरकर्त्याने तीनदा उघडली तर तीन ओपनांना मिळून एक क्लोज पुरते. सर्व्हरने फाइल क्लायंटकडे सोपवली असेल, म्हणजे डेलिगेशन दिले असेल, तर पुढची उघडझाप तारेवर येतच नाही. सर्व्हरकडचे चित्र पाहायचे तर ५.३ किंवा त्यानंतरच्या कर्नेलवर सर्व्हरच्या प्रॉकमधल्या एनएफएसडी विभागात प्रत्येक क्लायंटचे स्वतंत्र फोल्डर असते, आणि त्यातल्या ‘स्टेट्स’ या फाइलीत त्याच्या नावावर काय काय उघडे आहे ते लिहिलेले असते. ‘डेलेग’ असे लिहिलेल्या नोंदी दोष नव्हेत.

क्लायंट खरोखर गोंधळलेला मी एकदा पाहिला तो वर्धा जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये. दोन धर्मकाटे, दोन संगणक. एक सुरू असताना दुसरा सुरू केला की पहिल्यावरचे काम मिनिटभर थिजायचे, मग चालायचे, मग दुसरा थिजायचा. फाइली बंद होताना सर्व्हर ‘हे सत्र माझ्या ओळखीचे नाही’ अशा अर्थाचे उत्तर द्यायचा. मी केबल बदलली, स्विच बदलला, दोन दिवस एसटीने येरझारा केल्या. शेवटी तारेवरची पाकिटे टीसीपीडंप या कमांडने पकडली, एनएफएसच्या पोर्ट २०४९ वर, आणि क्लायंट सर्व्हरला आपली ओळख सांगतो ते पाकीट दोन्ही यंत्रांकडून घेऊन शेजारी ठेवले. ओळखीचे शब्द अक्षरशः एकच होते. ज्याने संगणक बसवले त्याने एक डिस्क तयार करून तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्यात घातली होती, आणि दोन्हींचे होस्टनेम (नेटवर्कवरचे यंत्राचे नाव) ‘काटा’ असेच राहिले होते. लिनक्सचा क्लायंट ४.१ आणि पुढच्या आवृत्तीत आपली ओळख मुख्यतः होस्टनेमवरून बांधतो. सर्व्हरला वाटायचे की तोच क्लायंट बंद होऊन पुन्हा सुरू झाला आहे, म्हणून तो जुन्याच्या नावावरच्या सगळ्या उघड्या फाइली प्रामाणिकपणे मोडीत काढायचा. होस्टनेम वेगळी करून दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू केली आणि तक्रार संपली. नावे बदलता येत नसतील तर एनएफएस मोड्यूलच्या ‘एनएफएस४ युनिक आयडी’ या पर्यायाने ओळख वेगळी देता येते. तुमच्याकडे काटा एकच आहे असे तुम्ही लिहिले आहे, तरी बिघाडाच्या वेळेसाठी त्याच डिस्कची नक्कल असलेला राखीव संगणक ठेवला असेल आणि तो चालू असेल, तर हे आधी पाहा.

माउंट एसएसएचएफएससारख्या फ्यूजवर (कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामला फाइलव्यवस्था पुरवू देणाऱ्या सोयीवर) आधारलेल्या क्लायंटचे असते, तर एवढेच सांगितले असते की तिथे क्लायंटकडे प्रत्येक क्लोजला ‘फ्लश’ हा निरोप येतो आणि शेवटचा धरणारा सुटल्यावर एकदाच ‘रिलीज’ येतो. रिलीजमधली चूक प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही, म्हणून जे सांगायचे ते फ्लशमध्येच सांगावे लागते.

ऐन हंगामात काटा थांबवून कोड दुरुस्त करायला मालक तयार होणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे मर्यादा १०२४ वरून ६५,५३६ करावी असे तुमच्या मनात येईल. हिशोबाने वर्षभर निभावेल. पण आधी कॅमेऱ्याची लायब्ररी ‘सिलेक्ट’ ही (अनेक डिस्क्रिप्टरांवर एकदम लक्ष ठेवणारी) हाक वापरते का, ते एसट्रेसमध्ये पाहा. सिलेक्टला १०२३ च्या पुढचा डिस्क्रिप्टर पेलत नाही. ती हाक नीट चूक न देता शेजारची मेमरी खराब करू शकते, आणि आज स्वच्छ संदेश देऊन थांबणारा प्रोग्राम उद्या चुकीच्या गाडीवर चुकीचे वजन छापू शकतो. त्यापेक्षा मर्यादा आहे तशीच ठेवून रोज रात्री, फोटो हलवणाऱ्या स्क्रिप्टच्या आधी, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करण्याची नोंद क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) टाका. डॉट एनएफएस फाइलीही त्याने थांबतील. कोड दुरुस्त झाला की ही नोंद काढा आणि दर तासाला एफडीमधल्या दुव्यांची संख्या एका फाइलीत लिहीत राहा; दिवसभरात पावणेदोनशे गाड्या जाऊनही तो आकडा सकाळइतकाच राहिला, तर दुरुस्ती खरी.